तीन उसने खेळाडू: उमरेड तालुक्यातल्या एका फुटबॉल क्लबचा मोसम

गावाचं, क्लबचं आणि पोरांचं नाव देत नाही. उमरेड तालुक्यातलं गाव, एवढं पुरे. एका अंगाला कोळशाच्या खाणी, दुसऱ्या अंगाला सोयाबीन-कापूस, भिवापूरच्या बाजूनं सरकत गेलं की मिरची. फुटबॉल इथे खाणीच्या कॉलनीतून आला आणि झेडपी शाळेच्या मैदानावर रुजला. कबड्डीइतकी गर्दी होत नाही, पण मॅचच्या दिवशी पानठेल्यावर दुसरा विषय नसतो. मी शेजारच्या गावात शाळेवर आहे आणि हिवाळ्यात स्पर्धांना सहायक पंच म्हणून लाइनवर झेंडा धरतो, म्हणून हा मोसम जवळून बघायला मिळाला. क्लबच्या समितीनं जमाखर्चाची वहीही दाखवली.

प्रश्न असा होता की बाहेरच्या क्लबचे खेळाडू लोनवर, म्हणजे ठरावीक काळापुरते उसने, आणावेत का. युरोपात याच प्रश्नावर लाखो युरोंचे करार होतात. इथे पाचशे रुपये मॅच फीवर निभावलं. भांडणं मात्र जवळजवळ तीच झाली.

खिंडार कुठे होतं

क्लबचा मोसम डिसेंबर ते फेब्रुवारी. आजूबाजूच्या गावांत बक्षिसाच्या स्पर्धा लागतात. काही 'एक गाव एक संघ' असतात, तिथे आधार कार्ड बघूनच मैदानात सोडतात. काही ओपन असतात, तिथे बाहेरचे दोन-तीन खेळाडू, म्हणजे गेस्ट, चालतात. क्लबनं ओपनच्या चार स्पर्धा खेळायचं ठरवलं आणि दिवाळीनंतर बघतात तर संघाला दोन भगदाडं.

गोलकीपर बुटीबोरीला कंपनीत लागला. शिफ्ट ड्युटी, त्यामुळे रविवार मोकळा मिळेलच असं नाही. स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, गुडघा घेऊन घरी बसला. या दोन्ही जागांवर गावात दुसरा कोणी नव्हता. मागे जी पोरं होती ती चौदा-पंधराची.

तिसरी जागा स्ट्रायकरची, आणि तिथे प्रकरण वेगळं होतं. सतरा वर्षांचा, बारावीतला पोरगा मागच्या मोसमात सगळ्या मॅच खेळला होता. डावा पाय चांगला, पळायला वारा. पण शेवटच्या स्पर्धेत समोर रिकामं गोल असताना त्यानं चेंडू वरून मारला होता आणि ते गाव विसरलं नव्हतं. क्लबचे अध्यक्ष कृषी केंद्र चालवतात. बैठकीत ते म्हणाले, "कीपर तं पाहिजेच, पण गोल मारणारा बी पाहिजे. आपला पोट्टा अजून कच्चा हाये." कोणी विरोध केला नाही. मला हा निर्णय तेव्हाही पटला नव्हता.

फोनवरचा करार

नागपूरच्या एका क्लबकडे तीसेक पोरं होती. खेळतात अकरा, बाकीची बाकावर. तिथल्या कोचला आपल्या बाकावरच्या पोरांना सामने मिळायला हवे होते, आणि यांना माणसं. गरज दोघांचीही होती, म्हणून एका फोनवर जमलं. कीपर, स्टॉपर आणि स्ट्रायकर, तिघंही वीसच्या आतबाहेरचे, फेब्रुवारी संपेपर्यंत. नागपूरच्या क्लबला पैसे द्यायचे नाहीत. पोरांना मॅचमागे पाचशे, येण्याजाण्याचा खर्च आणि जेवण.

जे बोललं गेलं नाही ते जास्त होतं. दुखापत झाली तर खर्च कोणाचा? नागपूरच्या क्लबची मॅच त्याच रविवारी आली तर? आणि दोन्ही क्लब एकाच स्पर्धेत समोरासमोर आले तर? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जानेवारीतच मिळालं. नागपूरला मॅच होती म्हणून कीपर आणि स्ट्रायकर अडकले, आणि यांना आयोजकांच्या हातापाया पडून आपली मॅच संध्याकाळवर ढकलून घ्यावी लागली. पेरणीत बैलजोडी उसनी मिळते ती मालकाचं वावर झाल्यावरच, हे शेतकऱ्याच्या पोराला वेगळं सांगायला नको होतं.

खरं तर फिफाच्या, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेच्या, नियमांप्रमाणे याला लोन म्हणताच येत नाही. लोनवर जातो तो व्यावसायिक खेळाडू, ज्याचा क्लबशी लेखी करार आहे. करारच नसलेली हौशी पोरं अधिकृत लीगमध्ये क्लब बदलतात तेव्हा त्यांची नोंदणीच दुसरीकडे जाते. गावच्या ओपन स्पर्धेत या कशाचीच विचारणा होत नाही, आयोजक म्हणतील तो कायदा. म्हणूनच कागद जास्त गरजेचा होता. फिफाच्या नियमात लोन लेखीच लागतं: मुदत किती, पैसे कोणी किती द्यायचे, सगळं त्यात. लोनच्या काळापुरता खेळाडूचा नव्या क्लबशी करार होतो, आणि वेगळं काही ठरलेलं नसेल तर जुन्या क्लबसोबतच्या करारातली देणीघेणी तेवढ्यापुरती थांबतात. पोरगा आज कोणाचा, याचं उत्तर कागदावर असतं.

जुलै २०२२ पासून फिफानं आंतरराष्ट्रीय लोनचे नियम आणखी आवळले. मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. लोनवर आणलेला खेळाडू पुढे तिसऱ्याला द्यायचा नाही. एकाच क्लबाकडून एका वेळी तीनपेक्षा जास्त आणायचे नाहीत, आणि त्याला तीनपेक्षा जास्त द्यायचेही नाहीत. एकूण आकडाही टप्प्याटप्प्यानं खाली आणला, आणि २०२४-२५ च्या मोसमापासून एका क्लबला सहा आत, सहा बाहेर. एकवीस वर्षांपर्यंतचे आणि क्लबनं स्वतः घडवलेले खेळाडू यातून वगळले. इंग्लंडच्या चेल्सीसारखे क्लब डझनांनी खेळाडू गोळा करून ते लोनवर वाटत सुटले होते, त्याला हा लगाम. आमच्या क्लबनं एकाच ठिकाणाहून तीन आणले, म्हणजे नकळत फिफाच्या मर्यादेत राहिले.

तिघांचे तीन मोसम

स्टॉपरपासून सुरुवात करतो, कारण त्याच्याबद्दल गावात सगळ्यात कमी बोललं गेलं.

हा पोरगा शनिवारी संध्याकाळी एस.टी.नं यायचा आणि अध्यक्षांच्या घरी मुक्काम करायचा. रविवारी मॅच दुपारी, पण सकाळी साडेपाचच्या प्रॅक्टिसला तो मैदानावर. गावच्या पोरांची बचावाची पद्धत म्हणजे चेंडू दिसला की चौघं धावायचे. यानं पहिल्याच सकाळी चार विटा आडव्या रांगेत ठेवल्या, प्रत्येकाला एकेका विटेजवळ उभं केलं आणि स्वतः चेंडू घेऊन इकडून तिकडे चालू लागला. चेंडूजवळचा पुढे सरकेल, बाकीचे तीन त्याच्या मागे आत येतील, चेंडू फिरला की रांगही फिरेल. तासभर एवढंच. कोणी उगाच धावला की याची हाक, "कुठं जाऊन राहिला बे? जागा सोडू नको!" जानेवारीत मी लाइनवर असताना गावचा डावा बॅक हात वर करून बाकीच्यांना पुढे ओढत होता. आदल्या वर्षी याच पोराला ऑफसाइड समजावताना मी थकलो होतो.

दुसऱ्या स्पर्धेच्या फायनलमध्ये त्याचा घोटा मुरगळला. उमरेडला एक्स-रे, कच्चं प्लास्टर, औषधं मिळून ३,८०० रुपये. नागपूरचा क्लब म्हणाला, तुमच्याकडून खेळताना झालं. समितीतले दोघं म्हणाले, पोरगा त्यांचा. अध्यक्षांनी खिशातून दिले आणि महिन्याभरानं वहीत मांडले. पोराचा मोसम सहा मॅचवर संपला.

स्ट्रायकरचं उलट. मॅचच्या वीस मिनिटं आधी कीपरला मागे बसवून मोटरसायकलवर यायचा, बूट बांधायचा, खेळायचा आणि निघून जायचा. नऊ मॅचमध्ये आठ गोल. चेंडू पायाशी घेऊन पाठ वळवायची त्याची ढब बघायला दुसऱ्या गावची माणसं यायची. त्याच्या जोरावर क्लब दुसऱ्या स्पर्धेत फायनलला गेला. गावानं त्याला खांद्यावर घेतलं ते मी बघितलं आहे, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

गावचा स्ट्रायकर या काळात आधी बाकावर, मग शेवटची दहा मिनिटं डाव्या बाजूला, मग प्रॅक्टिसला दांडी. जानेवारीच्या अखेरीस तो पहाटे रस्त्यावर पळताना दिसला. पोलीस भरतीच्या सोळाशे मीटरची तयारी. थांबवून विचारलं तर म्हणाला, "सर, माह्याच गावात मी गेस्ट झालो." पुढे पळाला. भरतीची तयारी वाईट नाही, उलट घरच्यांना तेच हवं होतं. पण क्लबच्या वहीत हा खर्च कुठल्याच रकान्यात नाही.

आणि तो नऊ मॅच तापलेला स्ट्रायकर? मार्चमध्ये नागपूरच्या क्लबनं त्याला पहिल्या अकरात घेतलं. म्हणजे फी दिली गावानं, चुका करायला मैदान दिलं गावानं, आणि तयार माल परत गेला. देणाऱ्या क्लबच्या बाजूनं लोनचा अर्थ हाच असतो, त्यात लबाडी नाही. इंग्लंडचा हॅरी केन टॉटनहॅम क्लबचा मुख्य स्ट्रायकर होण्याआधी लेटन ओरिएंट, मिलवॉल, नॉर्विच आणि लेस्टर असा चार ठिकाणी लोनवर फिरला होता. आपला सुनील छेत्री पोर्तुगालच्या स्पोर्टिंग क्लबमध्ये मुख्य संघात जागा मिळत नव्हती तेव्हा २०१३ मध्ये गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सकडे लोनवर आला, आणि त्याच मोसमात चर्चिलनं आय-लीग, म्हणजे तेव्हाची देशातली अव्वल लीग, जिंकली. तिथे तर घेणाऱ्याचाही फायदा झाला. पण चर्चिलला किताब हवा होता आणि तो त्याच मोसमात मिळणार होता. आमच्या क्लबला काय हवं होतं, हे बैठकीत कोणी विचारलंच नव्हतं.

स्ट्रायकरबद्दल इंग्लंडमधला वॉटफर्ड क्लब आठवतो. २०१२-१३ मध्ये मालकाच्याच दुसऱ्या क्लबांतून, मुख्यतः इटलीच्या उदिनेजेमधून, त्यांनी लोनवर खेळाडूंची रांग लावली. त्यातल्या मातेय विद्रानं लीगमध्ये वीस गोल केले. संघ प्रीमियर लीगच्या, म्हणजे इंग्लंडच्या अव्वल लीगच्या, दारात, वर चढण्यासाठीच्या प्ले-ऑफ फायनलपर्यंत गेला आणि क्रिस्टल पॅलेसकडून १-० हरला. पुढच्या मोसमात विद्रा वेस्ट ब्रॉमविचकडे, पुन्हा लोनवरच, आणि वॉटफर्ड दुसऱ्या श्रेणीतच, तेराव्या क्रमांकावर. हरण्याचं दुःख समजू शकतं. पण ज्याचे वीस गोल होते तो गेल्यावर त्या जागेवर कोण, याचं उत्तर आदल्या मोसमातच तयार व्हायला हवं असतं.

सेमीफायनल

तिसऱ्या स्पर्धेत जे बोललं गेलं नव्हतं तेच समोर आलं. सेमीफायनल, आणि समोर नागपूरचा तोच क्लब.

स्ट्रायकरनं सकाळी फोन केला, ताप आहे. कीपरला आदल्या रात्री दोन्हीकडून फोन. नागपूरचे कोच म्हणाले, तू बस. अध्यक्ष म्हणाले, फेब्रुवारीपर्यंत आमचा. पोरगा म्हणाला, मला खेळायचं आहे. शेवटी कोच वैतागून म्हणाले, "तुह्यं तू पाह्य." तो खेळला.

त्या दिवशी माझ्याकडे झेंडा नव्हता, मी गोलच्या मागे उभा होतो. १-१ बरोबरी, शेवटची काही मिनिटं. पंचवीसेक यार्डांवरून एक साधा, जमिनीलगतचा फटका आला. कीपर जागेवर होता, गुडघा टेकवलेला, दोन्ही हात खाली, पाठ्यपुस्तकात असतं तसं. गोलच्या पुढे रोज पाय घासून माती गेलेली आणि मुरूम वर आलेला. चेंडूचा टप्पा बरोबर तिथे पडला, चेंडू हातभर उडाला, त्याच्या मनगटाला लागून आत गेला. मी तीन पावलांवर होतो. जगातला कुठलाही कीपर तिथे तेवढाच करू शकला असता.

माझ्या मागून आवाज आला, "विकला बे!" संध्याकाळपर्यंत पानठेल्यावर ते वाक्य पक्कं झालं होतं. ज्या पोरानं आधीच्या आठ मॅचमध्ये या संघाला तारलं, दोन वेळा टायब्रेकरमध्ये पेनल्टी अडवल्या, तो त्यानंतर गावात आला नाही. चौथ्या स्पर्धेत बचावातला एक पोरगा गोलमध्ये उभा केला आणि क्लब पहिल्याच फेरीत घरी आला.

मूळ क्लबाविरुद्ध खेळू द्यायचं की नाही, यावर फुटबॉलमध्ये दोन टोकांची उत्तरं आहेत. २००४ मध्ये न्यूकॅसलचा लोमाना लुआलुआ पोर्ट्समथकडे लोनवर होता. न्यूकॅसलविरुद्ध त्यानंच शेवटी शेवटी बरोबरीचा गोल केला. त्यानंतर प्रीमियर लीगनं लोनवरच्या खेळाडूला मूळ क्लबाविरुद्ध खेळायला बंदी केली, ती आजही आहे. युएफानं, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेनं, उलट भूमिका घेतली. २०१४ च्या चॅम्पियन्स लीग सेमीफायनलला चेल्सीचा गोलकीपर कोर्त्वा अॅटलेटिको माद्रिदकडे लोनवर होता आणि समोर चेल्सीच आली. तो खेळला तर अॅटलेटिकोनं चेल्सीला मोठी रक्कम द्यायची, अशी अट असल्याची चर्चा होती. युएफानं स्पष्ट सांगितलं की अशी कुठलीही अट आम्ही मानत नाही, कोण खेळणार ते घेणारा क्लब ठरवेल. तो खेळला आणि चेल्सी बाहेर गेली.

माझं मत प्रीमियर लीगच्या बाजूनं आहे, पण कारण वेगळं. बंदी मूळ क्लबाचं हित जपते असं म्हणतात. मला ती खेळाडूला जपणारी वाटते. ऑगस्ट २०२० मध्ये ब्राझीलचा कुटिन्यो बार्सिलोनाकडून जर्मनीच्या बायर्नला लोनवर होता आणि त्यानं बदली म्हणून येऊन बार्सिलोनावरच दोन गोल केले. सामना ८-२. त्याच्यावर कोणी शंका घेतली नाही, कारण तो जिंकणाऱ्या बाजूला होता. त्याच जागी कीपरच्या मनगटावरून चेंडू आत गेला असता तर? मोठ्या स्पर्धेत निदान पंधरा कॅमेरे साक्षीला असतात. गावच्या मैदानावर मुरमाची साक्ष कोण मानतो?

वही काय सांगते

तिघांची मिळून मॅच फी बारा हजार. प्रवास आणि जेवण सहा हजार. डॉक्टर ३,८००. चार स्पर्धांची प्रवेश फी ४,४००. एकूण २६,२००. बक्षिसं: एका ठिकाणी उपविजेतेपदाचे २१ हजार, सेमीफायनलचे पाच, म्हणजे २६ हजार. दोनशे रुपयांचा तोटा. प्रवेश फी तर एरवीही भरावी लागली असती, म्हणून समिती याला फायदा म्हणते. म्हणू दे.

पण तिघांचं एकत्र उत्तर काढलं की सगळंच धूसर होतं. कीपर आणायलाच हवा होता, कारण त्या जागेमागे गावचा कोणीच उभा नव्हता. मोठ्या फुटबॉललाही कीपरचं वेगळेपण मान्य आहे. इंग्लंडच्या खालच्या लीगमध्ये क्लबचे सगळे कीपर जायबंदी झाले तर खेळाडू बदलायची खिडकी, म्हणजे ठरलेली मुदत, बंद असतानाही सात दिवसांचं तातडीचं लोन मिळतं. ही सवलत दुसऱ्या कुठल्याच जागेला नाही. स्टॉपर खरा नफ्यात पडला, तो सहा मॅचमुळे कमी आणि रविवारच्या पहाटांमुळे जास्त. त्याचं शिकवलेलं चार पोरांच्या पायात राहिलं. स्ट्रायकर मात्र नको होता. आठ गोल दिसतात, पण त्या जागेवर सतरा वर्षांचा पोरगा उभा होता आणि त्याला हव्या होत्या फक्त चुकायला दहा मॅच. अध्यक्षांना हे पटत नाही. त्यांचं म्हणणं, ते आठ गोल नसते तर २१ हजारही नसते, मग पुढच्या वर्षीचे चेंडू कशातून आणायचे? या प्रश्नाला माझ्याकडे झटपट उत्तर नाही, आणि तो प्रश्न खोटाही नाही.

पोळ्यानंतरची बैठक

यंदा बैठक लवकर झाली. बुटीबोरीचा कीपर महिन्यातून दोन रविवार येतो म्हणाला. उरलेल्या रविवारांसाठी एक कीपर लोनवर, पण शनिवारी मुक्कामाला येणार असेल तरच, आणि रविवारी सकाळी त्यानं गावच्या दोन छोट्या पोरांना घेऊन अर्धा तास गोलमध्ये उभं राहायचं. तोच स्टॉपर यायला तयार आहे, त्याला बोलवायचं. स्ट्रायकर आणायचा नाही, हा ठराव एका मताच्या फरकानं पास झाला. बारावी झालेल्या पोराकडे दोघं जाऊन आले. तो भरतीची तयारी सोडणार नाही, पण रविवारी खेळतो म्हणाला.

या वेळी कागद केला आहे, वहीच्या पानावर, दोन्ही क्लबांच्या सह्यांसाठी. मुदत, मॅच फी, तारखा आदळल्या तर कोणाची मॅच आधी, आणि मूळ क्लब समोर आला तर खेळाडू बाहेर बसेल, मग दोन्हीकडचे कितीही ओरडोत. चार मुद्द्यांवर नागपूरवाल्यांनी हो म्हटलं. दुखापतीवर घोडं अडलंय. ते निम्मा-निम्मा खर्च म्हणतात. अध्यक्ष म्हणतात, मैदान आमचं असेल तर सगळा आमचा, दुसऱ्याच्या गावात झाली तर निम्मा. डिसेंबरच्या आत मिटलं नाही तर बचावात पुन्हा गावचीच पोरं.